वेगाचे दोन पंथ : प्रस्तावना

शर्यतीच्या नियमावलीतील एखादे लहानसे कलम कारखानदारीच्या इतिहासाला कधी कधी असे वळण देऊन जाते, की ज्या शर्यतीसाठी ते लिहिले गेले ती बरखास्त होऊन पुष्कळ काळ लोटला, तरी त्या कलमापोटी जन्मलेली यंत्रे जगात मागे राहतात आणि त्यांच्या श्रेष्ठत्वाविषयीचा वाद पिढी उलटली तरी निकालात निघत नाही. १९८२ साली अमलात आलेल्या ‘ग्रुप बी’ या वर्गाच्या नियमांनी मोटार-शर्यतींत उतरू इच्छिणाऱ्या कारखान्याकडून बारा महिन्यांत अवघ्या दोनशे गाड्यांची अपेक्षा ठेवली, आणि इंजिनाचे सामर्थ्य, सांगाड्याचे साहित्य, चाकांना मिळणारी गती यांबाबत पूर्वी कधी नव्हती इतकी मोकळीक दिली. त्या सवलतीचा लाभ घेण्यासाठी श्टुटगार्ट येथे पोर्शेने आणि मारानेल्लो येथे फेरारीने जी कामे हाती घेतली, त्यांची अखेरची फळे म्हणजे पोर्शे ९५९ आणि फेरारी एफ४० या दोन गाड्या होत. त्या दोघींचा साद्यंत वृत्तान्त पुढील प्रकरणांत आला आहे. तो वाचण्यापूर्वी, या दोन गाड्यांची तुलना कोणत्या अंगाने करावी आणि कोणत्या अंगाने करू नये, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

सुपरकार या जातीच्या वाहनांची तुलना म्हटली की अश्वशक्ती, वजन, कमाल वेग आणि ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठण्यास लागणारे सेकंद यांचे कोष्टक मांडण्याची वहिवाट पडली आहे. ते कोष्टक खोटे नसते. परंतु या जोडीच्या बाबतीत त्यातून हाती फार थोडे लागते. ९५९चे इंजिन ४५० अश्वशक्तीचे, एफ४०चे ४७८. कारखान्याने घोषित केलेला कमाल वेग एकीचा ताशी ३१५ किलोमीटर, दुसरीचा ३२४. उभ्या जागेवरून शंभरपर्यंत पोहोचण्यास पहिलीला ३.७ सेकंद पुरतात, दुसरीला चारांहून किंचित अधिक लागतात. म्हणजे एक सुटताना पुढे, दुसरी पोहोचताना पुढे. आणि हे अंतर इतके अल्प, की ओल्या रस्त्याने, थंड टायरांनी अथवा चालकाच्या क्षणभराच्या दुविधेने ते सहज पुसले जावे. ज्या दोन यंत्रांची अंतर्रचना, स्वभाव आणि हेतू एकमेकांपासून इतके दूर आहेत, त्यांचे आकडे मात्र इतके जवळ यावेत, हीच वस्तुतः विचार करण्याजोगी गोष्ट आहे. इतक्या वेगवान गाडीत जी अडचण अपरिहार्यपणे उत्पन्न होते ती यंत्राने सोसावी की माणसाने, या एका प्रश्नाला दोन्ही कारखान्यांनी परस्परविरुद्ध उत्तरे दिली आणि दोघांनीही आपले उत्तर अखेरपर्यंत निभावले. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लेथपुढे आयुष्य काढलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. कारण यंत्रात किती अक्कल घालावी आणि कारागिराच्या हातात किती ठेवावी, हा हिशेब तो रोजच करीत असतो.

दोन्ही वंशांचा उगम एका गणितात आहे आणि ते गणित ध्यानात घेतल्याखेरीज पुढचा उलगडा होत नाही. टर्बो लावलेल्या इंजिनाची घनक्षमता नियमान्वये १.४ने गुणून धरली जाई, आणि त्या गुणाकाराचे उत्तर ४००० घन सेंटिमीटरांच्या आत बसले तर गाडीचा समावेश तुलनेने हलक्या वजनाची मुभा असलेल्या वर्गात होई. पोर्शेच्या इंजिनाची घनक्षमता २८४९ घन सेंटिमीटर ठेवलेली होती. फेरारीच्या १९८४ सालच्या २८८ जीटीओची २८५५. दोहोंचे गुणाकार करून पाहिले असता दोन्ही कारखान्यांचे अभियंते मर्यादेच्या किती कडेला येऊन थांबले होते हे दिसते. एफ४० ही या जीटीओचीच पुढची पिढी. परंतु तिच्या इंजिनाची घनक्षमता २९३६ आहे, आणि तिला १.४ने गुणले तर आकडा मर्यादा ओलांडून जातो. याचा अर्थ असा, की एफ४० जन्मास येईपर्यंत तिला बांधून ठेवणारे कलमच उरले नव्हते. १९८६च्या मार्च महिन्यात पोर्तुगालच्या रॅलीत प्रेक्षकांचे बळी गेले. मे महिन्यात कॉर्सिका बेटावर हेन्री टोइवोनेन आणि सर्जिओ क्रेस्टो यांची गाडी दरीत कोसळून जळाली. आणि त्या हंगामाच्या अखेरीस तो वर्ग जागतिक रॅलीतून हद्दपार झाला. पोर्शेची गाडी तोवर इतकी पुढे गेली होती की ती सोडून देणे अशक्य होते. फेरारीपाशी जीटीओची एक शर्यतीसाठी सिद्ध केलेली, ‘एवोलुत्सिओने’ नावाची आवृत्ती होती आणि तिला उतरण्यासाठी मैदान उरलेले नव्हते. एकाच फर्मानाने एका गाडीला, ज्या वर्गासाठी ती घडली त्याविना, रस्त्यावर आणले आणि दुसरीला शर्यतीच्या बंधनातून मोकळे केले.

पोर्शेचे तांत्रिक प्रमुख हेल्मुट बॉट यांच्या मनातील विषय मुळात शर्यतीपुरता नव्हताच. ९११ ही त्यांच्या कारखान्याची मुख्य गाडी. तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेले, म्हणून वळणावर तिचा पृष्ठभाग बाहेर फेकला जाण्याची खोड तिला जन्मापासून. अशा गाडीला पुढे भवितव्य आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या मर्यादेपर्यंत सुधारता येईल, याचा निर्णय करण्यासाठी त्यांना एक प्रयोगशाळा हवी होती, आणि ग्रुप बीच्या निमित्ताने ती मिळाली. १९८३च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात जी गाडी नमुना म्हणून मांडली गेली, ती गिऱ्हाइकांच्या हाती पडावयास १९८७ साल उजाडले. एवढा विलंब ज्या गोष्टींमुळे झाला त्या पाहिल्या म्हणजे तो क्षम्य वाटू लागतो. सहा सिलिंडरांचे आडवे इंजिन. त्याचे सिलिंडर वाऱ्याने थंड होणारे आणि माथे पाण्याने. दोन टर्बो एकाच वेळी न चालता क्रमाने चालणारे: फेरे कमी असताना सारा धूर एकाच टर्बोकडे जातो, म्हणून तो चटकन जागा होतो, आणि फेरे वाढल्यावर दुसरा त्याच्या साहाय्यास येतो. चारही चाकांना गती. परंतु ती ठरावीक वाटणीने न देता, पुढच्या आसापाशी बसवलेल्या अनेक चकत्यांच्या क्लचमार्फत, कोणत्या चाकावर किती भार आहे हे पाहून क्षणोक्षणी बदलत्या प्रमाणात. कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ, आणि चाक रुतले असता निघण्याची युक्ती, असे चार पर्याय चालकापुढे एका दांड्यावर ठेवलेले. गाडीची जमिनीपासूनची उंची कमी-अधिक करण्याची सोय. टायरातील हवा कमी झाल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा, जी तोवर विक्रीस ठेवलेल्या कोणत्याही प्रवासी गाडीत नव्हती. आणि हे सर्व असूनही आत चामड्याच्या बैठका, वातानुकूलन, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतकी शांतता.

या यादीतील जी गोष्ट मला सर्वांत उदात्त वाटते ती म्हणजे त्या शांततेमागील भूमिका. ताशी तीनशे किलोमीटरचा वेग हा धाडसाचा विषय राहता कामा नये, तो प्रवासाचा विषय व्हावा, अशी ती भूमिका होती. त्या वेगाच्या गाडीला पाऊस, बर्फ, खडबडीत रस्ता, थकलेला चालक या सर्वांसकट जगता आले पाहिजे. तिची परीक्षाही त्याच न्यायाने घेतली गेली. १९८५च्या पॅरिस-डाकार शर्यतीत पाठवलेल्या तिन्ही गाड्या बाद झाल्या. पुढल्याच वर्षी सहाराच्या वाळूतून जाऊन रेने मेट्झ यांची ९५९ पहिली आणि जाकी इक्स यांची दुसरी आली. त्याच १९८६ साली तिचेच शर्यती रूप असलेली ९६१ ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सातव्या क्रमांकाने पोहोचली. वाळवंट आणि डांबरी चाकोरी ही दोन्ही एकाच मूळ रचनेने जिंकावयास निघणे, ही महत्त्वाकांक्षा त्या काळी दुसऱ्या कोणत्याही कारखान्याने बाळगली नव्हती.

मारानेल्लोचा विचार निराळा होता, आणि तो समजण्यासाठी ज्याने तो केला त्याचे वय ध्यानी घ्यावे लागते. १९८७ साली एन्झो फेरारी एकोणनव्वद वर्षांचे होते, आणि त्यांच्या नावाने गाड्या बनू लागल्याला चाळीस वर्षे पूर्ण होत होती. जीटीओच्या शर्यती आवृत्तीला रस्त्यावर चालण्याजोगे रूप देऊन एक गाडी काढावी, अशी तजवीज त्यांच्यासमोर आली आणि त्यांनी मंजुरी दिली. तंत्राची बाजू निकोला मातेरात्सी यांनी सांभाळली, जे टर्बो इंजिनांचे जाणकार म्हणून ख्यात होते. रूप पिनिनफारिनाच्या पेढीत लिओनार्दो फिओरावान्ती यांच्या देखरेखीखाली घडले. पोर्शेला जेथे चार वर्षे लागली तेथे हे काम वर्षभराच्या सुमारास उरकले, आणि २१ जुलै १९८७ रोजी मारानेल्लो येथे त्या गाडीवरील वस्त्र दूर झाले. पुढल्या वर्षी १४ ऑगस्टला एन्झो निवर्तले. त्यांच्या हयातीत त्यांच्या संमतीने बाहेर पडलेली ही अखेरची गाडी ठरली.

एवढ्या थोड्या अवधीत ती होऊ शकली याचे कारण तिच्यात काय घातले यापेक्षा काय घातले नाही हे पाहिल्याने कळते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्याला चिकटवलेले केव्हलार आणि कार्बन तंतूंचे पत्रे, आणि मध्यभागी आठ सिलिंडरांचे इंजिन. गती फक्त मागल्या चाकांना. सुकाणूला साहाय्य नाही, ब्रेकला साहाय्य नाही, चाक अडकण्यापासून राखणारी यंत्रणा नाही. जमिनीवर गालिचा नाही, रेडिओ नाही. दार आतून उघडण्यासाठी मूठ नसून एक तार आहे, जी ओढावी लागते. आरंभीच्या गाड्यांच्या खिडक्यांना सरकणारे प्लास्टिकचे तावदान होते. पत्रे जोडणाऱ्या चिकटद्रव्याच्या रेषा आत बसणाऱ्याला उघड्या दिसतात. आणि वजन वाचवण्यासाठी रंगाचा थर इतका पातळ दिला गेला की तांबड्या रंगाखालून तंतूंची वीण डोळ्यांस दिसावी. कारखान्याच्या हिशेबाने तिचे कोरडे वजन ११०० किलोग्रॅम. प्रत्यक्ष रस्त्यावर इंधन-तेलासह ते पुष्कळ वाढते, तरीही साडेचौदाशेच्या ९५९पुढे ती हलकीच. तिचे दोन्ही टर्बो एकदम चालतात, म्हणजेच एकदम जागे होतात: पाय दाबल्यावर प्रथम काही घडत नाही, आणि सुमारे चार हजार फेऱ्यांच्या पुढे सर्व सामर्थ्य एका उसळीने मागल्या चाकांवर येऊन पडते. तो क्षण ओळखणे, त्याच्या अगोदर वळण संपवणे आणि त्याच्या वेळी सुकाणू सरळ ठेवणे, हे काम पोर्शेमध्ये क्लचच्या चकत्या करतात. येथे ते चालकाचे आहे. फेरारीने ती अडचण दूर केली नाही, कारण ती दूर केली असती तर गाडी विकत घेणाराला मिळावयाचे जे होते तेच नाहीसे झाले असते, असे तिच्या निर्मात्यांचे मत होते, आणि ही गाडी पाहिल्यावर ते मत आळशीपणाचे म्हणून झटकून टाकता येत नाही.

रूपाविषयी थोडक्यात सांगतो. ९५९चा आकार वाऱ्याच्या भुयारात घडला. तिचा वायुरोधाचा अंक ०.३१, आणि वेगात तिला वर उचलणारे बल शून्यावर आणलेले. एवढे साधण्यासाठी ९११च्या सुपरिचित देहावर जे मांस चढवावे लागले त्याने ती सुंदर झाली असे म्हणवत नाही; ती पटते, मोहवीत नाही. एफ४०चा अंक ०.३४, परंतु तिचा पाठीवरचा उंच पंख, इंजिनावरील चिरा पाडलेले पारदर्शक झाकण आणि मधोमध एकत्र आलेल्या तीन धूरनळ्या यांची रचना एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. इतके म्हणून मी हा विषय सोडतो. कारण छायाचित्रे पुढे आहेत.

आता किमतीची बाजू. हा भाग मी विस्ताराने मांडणार आहे, कारण गाडीच्या पुनर्विक्रीचा भाव हा तिच्या गुणांचा निवाडा होय असा एक समज अलीकडे दृढ झाला आहे, आणि या जोडीइतका त्या समजाचा प्रतिवाद दुसरे कोणी करीत नाही. ९५९ पोर्शेने ४,२०,००० मार्कांस विकली; ती बांधण्यास त्याच्या दुपटीच्या आसपास खर्च येत होता असे सर्वत्र नमूद आहे. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक गिऱ्हाइकाला कारखान्याने खर्चाचा निम्मा भार नजराणा म्हणून दिला. एफ४० प्रथम चारशे काढावयाच्या असे ठरले होते. मागणी पाहून तो आकडा वाढत गेला आणि १९९२पर्यंत तेराशेच्या वर गाड्या बाहेर पडल्या. रस्त्यावरील ९५९ तीनशेच्या आतबाहेर. दुर्मिळता हेच किमतीचे मूळ असते, तर ९५९चा भाव एफ४०च्या कितीतरी वर असावयास हवा होता. प्रत्यक्षात गेल्या काही वर्षांच्या लिलावांत उत्तम स्थितीतील एफ४० वीस लाख डॉलरांच्या वर जाते, २०२२ साली कॅलिफोर्नियात एक चाळीस लाखांच्या आसपास गेली, आणि साधी ९५९ बहुधा तिच्या मागे राहते.

याचा उलगडा सट्ट्याने होत नाही. सट्टा झाला हे खरे: १९९० साली शर्यतपटू नायजेल मॅन्सेल यांची एफ४० दहा लाख पौंडांना विकली गेली, आणि थोड्याच काळात बाजार असा कोसळला की त्या भावाने खरेदी करणारांची मुद्दलही कित्येक वर्षे वर आली नाही. परंतु तो ज्वर उतरल्यानंतर, एका पूर्ण पिढीच्या अवधीने जो भाव पुन्हा चढला, तो स्थिर आहे आणि त्याला कारण आहे. ९५९ने जे जे प्रथम केले ते ते जगाने उचलले. १९९५च्या ९११ टर्बोमध्ये दोन टर्बो आणि चारही चाकांना गती ही जोडी नेहमीच्या विक्रीच्या गाडीत आली. टायरातील हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा आज अमेरिकेत आणि युरोपात नव्या मोटारींना कायद्याने सक्तीची आहे. संगणकाने चाकाचाकाला गती वाटणे ही आता मध्यमवर्गीय गाडीतही मिळणारी सोय आहे. नदी जशी पाटांनी वाटली गेल्यावर तिच्या मूळ पात्रात पाणी उथळ होते, तसे ९५९चे झाले: तिच्यातील मोलाचा अंश इतरांकडे गेला. उलटपक्षी एफ४०कडून कोणी काही घेतले नाही, कारण घेण्याजोगे काही नव्हतेच. साहाय्याविना ब्रेक आणि दाराला तार असलेली गाडी बांधण्याची रीत पुढील काळात मागे पडत गेली. जे संपले त्याचा भाव वाढतो आणि जे पसरले त्याचा मूळ वस्तूला लाभ होत नाही, असा हा बाजाराचा न्याय आहे. तो अन्याय्य आहे असे मी म्हणत नाही. तो अभियांत्रिकीचा निवाडा नव्हे, एवढेच माझे आग्रहपूर्वक म्हणणे आहे. आणि अभियांत्रिकी म्हणून पाहिले तर या दोहोंत ९५९ ही निःसंशय थोर कृती आहे.

भाव हा अभियांत्रिकीचा निवाडा नव्हे, याला पुष्टी देणारे एक उदाहरण पोर्शेच्याच घरचे आहे. २०१८ साली अटलांटा येथील लिलावात १९८५च्या पॅरिस-डाकारमधील एका ९५९ला ५९ लाख ४५ हजार डॉलर आले. त्या वर्षीची एकही ९५९ शर्यत पूर्ण करू शकली नव्हती, आणि दोन टर्बोंचे इंजिन तेव्हा तयार नसल्यामुळे त्या गाड्यांत साधे, टर्बोविना इंजिन बसवलेले होते. ज्या यंत्रामुळे ९५९ ही ९५९ ठरते तेच जिच्यात नाही, ती सर्व ९५९मध्ये इतकी महाग ठरावी, हे बाजार कशाला दाम देतो याचे स्वच्छ प्रमाण आहे.

अमेरिकेतील दप्तरी व्यवहाराचाही या भावांवर मोठा परिणाम झाला. फेरारीने एफ४० तेथील नियमांत बसवून दोनशेच्या वर गाड्या अधिकृतपणे विकल्या. पोर्शेने मात्र धडकेच्या परीक्षेसाठी आपल्या महागड्या गाड्या मोडण्यास देण्याचे नाकारले, आणि परिणामी जगातील सर्वांत धनाढ्य गिऱ्हाईक ९५९पासून वंचित राहिले. बिल गेट्स यांनी मागवलेली ९५९ जकातीच्या हद्दीत वर्षानुवर्षे अडकून पडली होती. थोड्या संख्येने बनलेल्या आणि तंत्राच्या वा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गाड्यांना वर्षाला २५०० मैलांच्या मर्यादेत चालवण्याची मुभा देणारा नियम १९९९च्या सुमारास लागू झाला, तेव्हा कोठे या कोंडीला वाट फुटली.

जो खरेदीच्या हेतूने हे पुस्तक उघडील त्याला भावाची बारीक कलमे शेवटल्या प्रकरणात सापडतील. येथे दोन गोष्टी सुचवून ठेवतो. एफ४०च्या इंधनाच्या रबरी टाक्यांना मुदत असते आणि सुमारे दहा वर्षांनी त्या बदलाव्या लागतात. ते काम झाल्याचा दाखला नसेल तर भाव ठरवताना तो खर्च आधीच वजा धरावा. तसेच इंजिन, गिअरबॉक्स आणि सांगाडा यांचे क्रमांक कारखान्याच्या दफ्तराशी रुजू होतात की नाही, याची खातरजमा मारानेल्लो येथील फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग करतो आणि त्याचा शिक्का असलेली वही गाडीबरोबर हस्तांतरित होते. ती नसलेल्या गाडीला गिऱ्हाईक मिळते, परंतु भाव मिळत नाही. एफ४०च्या दुनियेत अस्सलपणा हाच धर्म आहे. आरंभीच्या सरकत्या खिडक्यांच्या, धूर शुद्ध करणारे यंत्र नसलेल्या आणि उंची बदलण्याची सोय नसलेल्या गाड्या अधिक मानल्या जातात, आणि मूळ बैठकीचे कापड बदलणारा मालकही आपल्या हातांनी आपले नुकसान करून घेतो.

९५९च्या मालकांत निराळी रीत पडली आहे. कॅलिफोर्नियातील ब्रूस कॅनेपा यांची कर्मशाळा या गाड्यांचे टर्बो, निलंबन आणि इंजिनाची नियंत्रणव्यवस्था बदलून त्यांची अश्वशक्ती ४५०वरून साडेसातशेच्या पलीकडे नेते, आणि मालक ते काम केवळ मान्य करीत नाहीत, त्यासाठी वाट पाहतात. अठ्ठावीसशे घन सेंटिमीटरांच्या पुढे थोडेसेच असलेले ते इंजिन, तो क्लच आणि तो सांगाडा, दीडपटीहून अधिक बळ पेलतात आणि रस्ता सोडत नाहीत. बॉट यांच्या माणसांनी १९८३ साली केलेल्या हिशेबात एवढी जागा शिल्लक ठेवली होती, आणि ती जागा अद्याप भरून निघालेली नाही.